ल्युसील इरिबार्नेचे गंजके डबे

आमच्या गावात घाण करायला कोणाची परवानगी लागत नाही. साफ करायला लागते. हे मी सव्वीस वर्षं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत कारकुनी करून शिकले, आणि ल्युसील इरिबार्ने वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी शिकली.

गावाचं नाव सॉरेल फ्लॅट. तांब्याची खाण बंद पडल्यापासून जेमतेम सहाशे माणसं उरली आहेत, आणि त्यातली निम्मी उरलेल्या निम्म्यांशी बोलत नाहीत. शेवटची गल्ली संपली की पूर्वेला चाळीस एकरांचा सपाट माळ लागतो. सेजची झुडपं, धूळ आणि कडेला एक कोरडा ओहोळ. आम्ही त्याला मैदान म्हणतो. माझी आई तिथे सॉफ्टबॉल खेळली, मी खेळले. तो माळ आपला नाही, केंद्र सरकारचा आहे, हे आम्हाला लहानपणी कोणी सांगितलंही नव्हतं. नेवाडा राज्यात जिकडे बोट दाखवाल तिकडे जमीन केंद्राचीच. गावाच्या वाट्याला घरं आणि रस्ते, बास.

आपली नसलेली जमीन माणसं कशी वापरतात ते बघायचं असेल तर त्या माळावर जावं. मुतलेल्या गाद्या, स्प्रिंगा बाहेर आलेले सोफे, डायपरचे गठ्ठे, एकदा तर सबंध मेलेलं वासरू. जुना टीव्ही नेऊन टाकायचा आणि मग चार पावलं मागे येऊन त्याच्यावर बंदूक चालवायची, ही आमच्याकडच्या पुरुषांची रविवारची करमणूक. हीच माणसं सकाळी चर्चमध्ये डोळे मिटून बसलेली असायची. मला त्यांची शिसारी यायची, पण मी कधी बोलले नाही. न बोलण्यात मी पहिल्यापासून हुशार.

ल्युसील बोलायची. बुटकी, रुंद खांद्यांची बाई, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला शिंकली तर त्या टोकाचा कुत्रा उठून बसावा. नवरा मेंढपाळांच्या घराण्यातला, लवकर गेला. तिने एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली. गावातला चाळिशी-पन्नाशीतला जो कोणी आहे तो तिच्या बसमध्ये बसलेला आहे आणि तिची बोलणी खाल्लेला आहे. सूर्यफुलाच्या बियांचं एक टरफल जरी खाली पडलं तरी बस थांबायची. भर उन्हात, माळावर, इंजिन बंद.

"कोणाचं आहे ते उचला. मला घाई नाही. माझी भाकरी माझ्याजवळ आहे."

आणि खरंच डबा उघडून जेवायला बसायची. मग कुठला तरी पोरगा मुकाट्याने सीटखाली शिरायचा. रॉयस टटल नावाचा एक पोरगा एकदा शिरला नाही, उलट मूठभर टरफलं तिच्याकडे बघत खाली टाकली. तिने त्याला घरापासून एक मैल आधी उतरवलं आणि तो घरी पोचेपर्यंत बस त्याच्यामागे चालवत नेली. आख्खी बस खिडकीतून हसत होती. रॉयस पुढे टायरच्या दुकानाचा मालक झाला, आणि त्यापुढे काउंटीच्या तीन जणांच्या समितीचा अध्यक्ष. तो मैल तो विसरला नव्हता, एवढं लक्षात ठेवा.

ल्युसीलची आणखी एक खोड म्हणजे कागद. तिला कुठलीही पावती फेकवत नसे. पेट्रोलची, औषधाची, डेपोवर कचरा टाकल्याची, सगळ्या पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तारखेवार. मी तिला हसायचे. "अगं, मेल्यावर देवाला दाखवायच्यात का?"

"देवाला नाही लागत," ती म्हणायची. "गावाला लागतात."

तर झालं असं. शाळेतली टेसा लिंडग्रेन नावाची मुलगी मैदानावर धावताना जमिनीतल्या खारीच्या बिळात पाय जाऊन पडली. नडगीचे दोन तुकडे. शाळेच्या विमावाल्यांनी विचारलं, जमीन कोणाची? शाळेची नाही, गावाची नाही, काउंटीची नाही. मग त्यांनी हात वर केले आणि शाळेने मैदानावर खेळायला बंदी घातली. पण स्पर्धेचा नियम असा की निम्म्या मॅच प्रत्येक शाळेने घरच्या मैदानावर खेळवायच्या. तेव्हा आमच्या मुलींच्या "घरच्या" मॅच ब्याण्णव मैलांवरच्या वेल्टन गावात व्हायला लागल्या, त्यांचं मैदान मागून घेऊन. म्हणजे समोरच्या संघाच्या पोरी घरून जेवून पायी मैदानात यायच्या, आमच्या पोरी पहाटे उठून दोन तास बसमध्ये बसायच्या, आणि यजमान म्हणून पाणी आणि संत्री आम्हीच पुरवायची! तिथली लोकं हसायची. "या या, घरीच समजा," म्हणायची.

निवृत्तीनंतरही मॅचची बस ल्युसीलच न्यायची. एकदा परत येताना पेट्रोल पंपावर मी तिला भेटले, तेव्हा मागच्या सीटांवर मुली अंगात धुळीने भरलेले कपडे तसेच ठेवून झोपल्या होत्या.

"डेल्फा," ती मला म्हणाली, "मला एकच बघायचंय. मॅच संपावी, आणि आपल्या पोरींनी बॅट खांद्यावर टाकून चालत घरी जावं. बसबिस काही नको. एवढं बघितलं की माझी गाडी बंद झाली तरी चालेल."

कायद्यात तशी सोय आहे. केंद्राची जमीन खेळासाठी, करमणुकीसाठी म्हणून काउंटी मागू शकते, आणि ती जवळजवळ फुकट मिळते. अट एकच, तिथे कायम खेळच झाला पाहिजे. दुसरं काही केलं की जमीन परत केंद्राकडे. ल्युसीलने हे सगळं वाचून काढलं, अर्ज तयार केला, आणि समितीपुढे आणून ठेवला. तो तिथेच आठ वर्षं पडून राहिला. आठ! एवढ्या काळात टेसाचा पाय बरा झाला, तिचं लग्न झालं, तिला मूल झालं.

रॉयस टटल दर बैठकीत टेबलावर मूठ आपटून सांगायचा की केंद्राने आपली जमीन बळकावलीय, ती आपल्याला परत मिळाली पाहिजे. टाळ्या पडायच्या. आणि त्याच जमिनीतला चाळीस एकरांचा तुकडा द्यायला केंद्र तयार आहे, सही कर, असं ल्युसीलने म्हटलं की त्याला चष्मा सापडायचा नाही. कारण अगदी साधं होतं. डोंगरापलीकडे सोन्याची नवी खाण निघायची बोलणी चालली होती, आणि त्या माळावर कामगारांच्या घरगाड्या, चाकांवरची घरं, उभ्या करायचा धंदा त्याच्या मेव्हण्याला काढायचा होता. एकदा जमीन खेळाला गेली की मेव्हणा बसला हात चोळत. शेवटी मुलींच्या आया बैठकीला येऊन बसायला लागल्या तेव्हा कुठे त्याने सही केली. त्या वेळचा त्याचा चेहरा मला आठवतो. एरंडेल प्यायल्यासारखा.

मार्चमधल्या एका मंगळवारी केंद्राच्या कचेरीचं पत्र आलं. टपाल मीच फोडायचे. पत्रात लिहिलं होतं की जमीन देण्याआधी जुन्या वस्तूंची पाहणी होईल, आणि ती होईपर्यंत पन्नास वर्षांहून जुनी कोणतीही वस्तू जागेवरून हलवू नये. विशेषतः ओहोळाजवळचा गंजक्या डब्यांचा ढीग. तो शंभरेक वर्षांपूर्वीच्या खाणकामगारांच्या तंबूंचा असून इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा असू शकतो. अर्जाशी संबंधित सर्वांना हे कळवावे.

मी आवक वहीत नोंद केली आणि पत्र रॉयसकडे नेलं. त्याने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तो हसला.

"डबे," तो म्हणाला. "बीन्सचे डबे. याला इतिहास म्हणतात हे लोक."

"ल्युसीलला सांगते मी. ती अर्जात आहे."

"कशाला? बैठकीत मी सांगतो ना सगळ्यांना एकदमच. तू फाईलला लाव."

मी फाईलला लावलं.

बैठकीत तो उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, पुढच्या महिन्यात केंद्राची माणसं मैदान बघायला येणार आहेत. आपलं मैदान चकाचक दिसलं पाहिजे. एक डबासुद्धा दिसता कामा नये." आणि थेट ल्युसीलकडे बघून, "मिसेस इरिबार्ने, तुमच्याकडून शिकलोय आम्ही. कोणाचं आहे ते उचला!"

सगळे हसले. ल्युसीलही हसली. तिला वाटलं, पोरगा सुधारला. मी टंकयंत्रापाशी बसले होते. माझी बोटं थांबली, खरंच थांबली. मग मी टाइप केलं, "अध्यक्षांनी नागरिकांना स्वच्छतेचे आवाहन केले." निवृत्तीला माझं सव्वा वर्ष उरलं होतं. पेन्शन समितीच्या हातात. असं कारण मी स्वतःला दिलं, आणि आज ते लिहिताना मला स्वतःच्या तोंडात थुंकावंसं वाटतं.

साफ करायला कोण आलं? टाळ्या वाजवणाऱ्यांतलं कोणीही नाही. पहिल्या शनिवारी चार आया आल्या, दुसऱ्या शनिवारी एक. पुढे ल्युसील एकटी, तिच्या निळ्या पिकअपमध्ये. गाद्या, सोफे, टीव्ही, काचा. वासराची हाडं. हातमोजे फाटले की बोटांना चिकटपट्टी लावायची. कचरा डेपोचा रस्ता आमच्या कचेरीवरूनच जातो. ती जाताना हॉर्न वाजवायची, मी खिडकीतून हात करायचे. एके दिवशी तिच्या गाडीत तांबडं काही तरी खडखडताना दिसलं. गंजके डबे. काठोकाठ. खिडकी उघडून हाक मारली असती तर तिथल्या तिथे थांबली असती ती. उतरून परत नेऊन ठेवले असते.

मी पडदा ओढून घेतला.

अकरा खेपा टाकल्या तिने डब्यांच्या. आणि ल्युसीलच ती, उचलण्याआधी प्रत्येक ढिगाचा फोटो काढला, डेपोची प्रत्येक पावती जपली, आणि सगळं एका लिफाफ्यात घालून अर्जाला जोडायला ठेवलं. गावाने केलेलं श्रमदान म्हणून!

पाहणीला क्लेअर हॅल्वर्सन नावाची तरुण बाई आली. काठी, टोपी, गळ्यात कॅमेरा. काउंटीतर्फे मला बरोबर पाठवलं होतं. ल्युसीलने घरून चोरिसोची, म्हणजे मसालेदार सॉसेजची, सँडविचं करून आणली होती, ठेवणीतला शर्ट घातला होता. क्लेअर नकाशा घेऊन ओहोळाकडे गेली, इकडे वळली, तिकडे वळली.

"इथे डबे असायला हवे होते," ती म्हणाली.

"होते ना!" ल्युसील फुशारून म्हणाली. "अकरा गाड्या. एकही ठेवला नाही. हे बघा, पावत्या आहेत."

क्लेअरने लिफाफा उघडला, फोटो एकेक करून बघितले, आणि खाली ओहोळाच्या काठावर बसली. दुष्ट नव्हती ती. तिला रडू येत होतं. "ओह, मिसेस इरिबार्ने," म्हणाली, "तुम्हाला पत्र नाही का मिळालं?"

"कसलं पत्र?"

क्लेअरने सांगितलं. ल्युसील ऐकत होती, हातात सँडविचांची पिशवी तशीच. मग तिने माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही हो. संशयाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिने अशा नजरेने बघितलं की, बघ गं डेल्फा, या लोकांचं टपाल कसं हरवतं.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. आणि मग गावाची जीभ सुटली. ज्यांनी आयुष्यभर त्या माळावर आपली घाण ओतली त्यांना एका रात्रीत इतिहासाचं प्रेम उतू जायला लागलं. "आपला वारसा फेकला बाईने." "म्हाताऱ्या माणसाने जरा विचारून करावं." पर्लच्या खानावळीत गस प्रुएट नावाच्या लाकूडवाल्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय ल्युसील, आज कुठला इतिहास टाकून आलीस?"

ती ग्रेव्ही घातलेली पावासारखी मऊ बिस्किटं खात होती. मान वर न करता म्हणाली, "तुझा हिरवा सोफा टाकला, गस. त्याच्यात काही इतिहास नव्हता, नुसते उंदीर होते."

हसले लोक. पण घास तिने पुढे खाल्ला नाही, ताट सरकवलं.

केंद्राचं दुसरं पत्र आलं, ते या वेळी सगळ्यांना दाखवलं गेलं. अर्ज जिवंत ठेवायचा असेल तर दोन गोष्टी हव्यात. डबे डेपोतून शोधून, होते तिथे परत ठेवायचे. आणि काउंटीच्या कारकुनाने शपथेवर लिहून द्यायचं की इशाऱ्याचं पहिलं पत्र काउंटीला पोचलंच नव्हतं. पोचलं नसेल तर झालं ते अजाणता झालं. पोचून दाबलं असेल तर अर्ज रद्द, पुन्हा करता येणार नाही, आणि चौकशी.

बैठकीला उभं राहायला जागा नव्हती. कोणी तरी मागून ओरडलं की पत्र आलंच असणार, कचेरीतच गहाळ झालं असणार. ल्युसील उठली.

"कोण म्हणतं गहाळ झालं?" तिचा तो बसमधला आवाज. "डेल्फाच्या टेबलावरून आजवर एक चिठोरं हरवलेलं नाही. पत्र आलं असतं तर तिने धावत येऊन मला सांगितलं असतं. मला ओळखते ती चाळीस वर्षं. आलंच नाही पत्र. तिला विचारा ना!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रॉयसनेही. मी मान हलवली. होकार की नकार हे मलाही कळलं नाही, पण लोकांनी त्यांना हवं ते घेतलं.

खोली रिकामी झाल्यावर रॉयस माझ्या टेबलाशी आला. कपाळावर घाम होता.

"ऐकलंस ना, बाई काय म्हणाल्या?"

"ऐकलं."

"मग लिहून टाक तसं."

"आणि खरं लिहिलं तर?"

"तर मी जातो." खुर्ची ओढून बसला तो. "तूही जातेस. आणि मैदानही जातं, कायमचं. जा, सांग तिला जाऊन. म्हणावं, तुझ्या पोरींचं मैदान गेलं, पण डेल्फा खरं बोलली."

या जन्मात तो माणूस एकदाच बरोबर बोलला, आणि तेही असं. मला त्याची किळस आली, त्याच्या तोंडाच्या पेपरमिंटच्या वासाची किळस आली, आणि तो बरोबर बोलतोय याची सगळ्यात जास्त. मी म्हणाले, "चल, ऊठ माझ्या टेबलापासून."

त्याच संध्याकाळी मी आवक वहीचं ते पान फाडलं आणि त्याच्या जागी नवं चिकटवून चौदा नोंदी पुन्हा लिहिल्या. जुन्या पानावर पंधरा होत्या. पत्र फाईलमधून काढून पर्समध्ये घातलं. सकाळी शपथेवर लिहून दिलं की असं कोणतंही पत्र या कचेरीस प्राप्त झाले नाही. खाली पूर्ण नाव, डेल्फा रूथ अ‍ॅपलगार्थ. माझं अक्षर सुरेख आहे, सगळे म्हणतात.

मग गंमत बघा. आठ वर्षं जो रॉयस हलला नाही तो आता फोनवर फोन करायला लागला. चौकशीची भीती बसली होती ना! केंद्राच्या कचेरीत स्वतः जाऊन बसायचा. मेव्हण्याला त्याने सांगितलं म्हणे, घरगाड्या दुसरीकडे बघ.

आणि ल्युसील डेपोत उतरली. एकाहत्तर वर्षांची बाई, गुडघ्यापर्यंत बूट, तोंडाला रुमाल, आणि गावाच्या सडक्या कचऱ्यात हात घालून डबे शोधतेय. लोक गाड्या थांबवून बघायचे, काचा खाली न करता. वासामुळे. मी रविवारी गेले हातमोजे घेऊन. तिने बादली माझ्याकडे सरकवली, एवढंच. आम्ही उपसत राहिलो. कुजलेल्या बटाट्यांच्या पिशव्या, त्याखाली डबे.

"ल्युसील," मी शेवटी म्हणाले, "मला तुला काही..."

"गप गं," ती म्हणाली. "आभार मी मानायला पाहिजेत. आख्ख्या गावातून तू एकटी आलीस. आणि त्या दिवशी सही केलीस म्हणून तर हे चाललंय. नाही तर हे डबे शोधून काय त्यांची पूजा करायची होती?" मग एक चेपलेला डबा उन्हात धरून बघत म्हणाली, "पीचचा असेल. कोणी तरी तंबूबाहेर बसून खाल्ला असेल आणि दिला भिरकावून. बघ, तेव्हापासून आपलं गाव असंच."

तिला हसू आलं. मीही हसले. बोलायचं ते पोटातच राहिलं. सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं, ते मला माहीत आहे. सरळ केंद्राच्या कचेरीत गाडी घातली असती आणि खरं सांगून आली असती, मैदान गेलं तरी. तिला टरफलसुद्धा खाली पडलेलं चालत नसे.

तिच्याच फोटोंवरून क्लेअरने डबे पुन्हा रचले, प्रत्येकाला छोटं निशाण लावलं, मोजलं, नोंदलं, आणि भोवती कुंपण घातलं. ते कुंपण आलं नेमकं मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात. म्हणून आमच्या मैदानाचा खास नियम आहे, चेंडू डब्यांत गेला की बॅटवालीला दोन बेस फुकट, आणि चेंडू आणायला आत जायचं नाही. आठवड्याच्या आत तिथे बिअरचे नवे डबे पडले. ल्युसील कुंपणापाशी उभी राहून बघायची, हात शिवशिवायचे तिचे. पण आत पाय ठेवायला आता केंद्राची लेखी परवानगी लागते.

जमीन काउंटीच्या नावावर झाली. फीत रॉयसने कापली. भाषणात म्हणाला, केंद्राच्या घशातून आपण आपला हक्क ओढून काढला. पाटीवर त्याचं नाव आहे, ल्युसीलचं नाही. टाळ्या जोरात पडल्या, सगळ्यात जोरात गस प्रुएटच्या. मधल्या रांगेत बसून मीही वाजवल्या.

पहिली घरची मॅच पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये झाली, वेल्टनशीच. आम्ही हरलो, सात विरुद्ध दोन. वेल्टनच्या पोरी बसमध्ये चढल्या, ब्याण्णव मैल. आणि आमच्या पोरी बॅटा खांद्यावर टाकून, धूळ उडवत, भांडत, हसत, गल्लीगल्लीत पांगल्या. ल्युसील रस्त्याच्या कडेला उभी होती. शेवटची पोरगी दाराआड जाईपर्यंत हलली नाही. नाक शिंकरलं, आणि रुमाल घडी घालून खिशात ठेवला.

मी आता निवृत्त आहे. पेन्शन वेळेवर येतं. ते पत्र माझ्या स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणात, कागदाच्या अस्तराखाली आहे. जाळायला तीनदा काढलं, तीनदा परत ठेवलं.

मैदानावर आता एक लाकडी खोपटं आहे. मॅचच्या दिवशी ल्युसील त्याच्या खिडकीतून चोरिसोची सँडविचं विकते. ते उभं राहिलं तेव्हा ती माझ्याकडे आली होती, त्या शपथेच्या कागदाची प्रत मागायला. मला वाटलं, बिस्किटांच्या डब्यात घालेल. तिने त्याला काच बसवून घेतली आणि खिडकीच्या वर, सगळ्यांना दिसेल असा टांगला.

"राहू दे तिथे," म्हणाली. "पोरींना दिसू दे. या गावात एका तरी माणसाने खरं लिहून दिलंय."

धूळ फार उडते आमच्याकडे. दर शनिवारी मॅच सुरू व्हायच्या आधी ती स्टुलावर चढते, ओल्या फडक्याने ती काच पुसते, माझ्या सहीवरून दोनदा हात फिरवते, आणि मी रांगेत मागे दिसले की तिथूनच ओरडते, "अगं, तू कशाला उभी राहतेस? ये पुढे. तुझं आधी."